म्हशीची पोचपावती

आमच्या माळावरची फुलं मी घालवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण सुमती पुढे ते सांगणारच आहे, आणि ती सांगते तेव्हा माझा उल्लेख 'हा' असा होतो. "हा आणि ह्याची नोटीस."

सुमती माझी बायको. वर्तकनगरच्या एका शाळेत तिने तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मी एका सरकारी कचेरीत पत्रव्यवहार विभागात होतो. माझ्या हातची पत्रं वाचून माणसं थेट वकिलाकडे जात, असा माझा लौकिक होता. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघं आणि माझी सवय, एवढेच उरलो.

माळाचं असं झालं. वीस वर्षांपूर्वी शीळफाट्याच्या पुढे, डोंगरावर, आम्ही दोन एकर जागा घेतली. दलालाने 'व्ह्यू आहे' असं सांगितलं होतं. व्ह्यू होता. समोर दुसरा डोंगर होता आणि मध्ये विजेचा मनोरा. जमीन म्हणजे काळा कातळ आणि त्यावर चार बोटं माती. नारळ लावला, तो मेला. आंबा लावला, त्याला तर पानही फुटलं नाही. त्या वेळी भावनेच्या भरात मी सातबारा मुलाच्या, केदारच्या नावावर केला. असल्या जमिनीचं दुसरं काय करायचं, असाही विचार त्यात होता.

पहिल्याच वर्षी भाद्रपदात सुमती तिथे गेली आणि गुडघे टेकून बसली. मला वाटलं चक्कर आली.

"आनंद," ती म्हणाली, "पाय उचलू नकोस."

मी पाय उचलला नाही. सगळा माळ फुलला होता. गेंदाची पांढरी बटणं, कवल्याचा पिवळा सडा, पाणथळ जागी सीतेची निळी आसवं, आणि कातळाच्या कडेला चिकट लाल केसांचं, किडे खाणारं इवलंसं दवबिंदू. कुठलंच फूल माझ्या घोट्याच्या वर नव्हतं. आणि गवतात, बारीकशा देठावर, कंदील. हिरवट, आतून जांभळा, वर पाच पाकळ्या जुळून झालेली छोटीशी कडी. त्याचं नावच कंदीलपुष्प. सुमतीने तिथेच बसून त्याचं चित्र काढलं. ते चित्र आजही आमच्या फ्रिजच्या वर भिंतीला आहे. त्या वर्षी अकरा कंदील सापडले. तिने वहीत लिहिलं : अकरा. पुढच्या वर्षी चौदा. मग नऊ, मग बारा. असं वर्षानुवर्षं.

मग मी निवृत्त झालो.

माळावर खालच्या गावातल्या तुळसाबाईच्या सहा म्हशी चरायला येत. त्यांची पुढारी होती मास्तरीण. हे म्हशीचं नाव आहे. ती सगळ्यांच्या पुढे चालायची आणि मागे वळून बघितलं की बाकीच्या पाच जागच्या जागी उभ्या राहायच्या, म्हणून मास्तरीण. एका दिवशी ही मास्तरीण बरोबर फुलांच्या डबक्यात बसलेली मी पाहिली. तोंडात कवला होता. डोळे मिटलेले होते.

"हे थांबलं पाहिजे," मी म्हणालो. सुमतीने मान हलवली होती. आता ती म्हणते, माशी आलेली.

मी काटेरी तारेचं कुंपण घातलं. फाटक लावलं. लाल अक्षरांत फलक लावला. आणि तुळसाबाईंना रजिस्टर पत्र पाठवलं. विषय : 'आपल्या मालकीच्या भटक्या जनावरांचा आमच्या खाजगी जागेतील अनधिकृत वावर.' शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं : 'पुनश्च असा प्रकार आढळल्यास संबंधित जनावरावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल, याची संबंधितांस समज देण्यात यावी.'

संबंधितांस समज मिळाली. म्हशी आल्या नाहीत. पहिल्या वर्षी गवत गुडघ्याएवढं झालं आणि मी कौतुकाने फोटो काढले. दुसऱ्या वर्षी ते कमरेला लागलं. सुमतीच्या वहीत आकडे उतरत गेले. सहा. दोन. मग शून्य. मग आणखी एक शून्य. मग तिने शून्य काढताना पेन्सिल इतकी दाबली की मागच्या पानावर उमटलं.

यंदा चैत्रात केदार आला. केदार वर्तकनगरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मनाने चांगला आहे. त्याच्यासोबत विनीत नावाचा मित्र होता. हा विनीत लग्नांसाठी लॉन चालवतो.

"बाबा, तिथे आता नुसतं गवत आहे," केदार म्हणाला. "गवतच ठेवायचं तर विनीत चांगलं ठेवेल. दसऱ्याला करारावर सही करायची म्हणतोय तो."

"काका, टॉप क्लास लॉन करू," विनीत म्हणाला. "कातळ फोडून माती टाकायची. सूर्यास्ताला वरमाला, वरून ड्रोन. एकदम झकास."

सुमती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात कालथा होता. "आणि फुलं परत आली तर?"

"आई, तीन वर्षं शून्य आहे."

"आली तर?"

केदारने फ्रिजच्या वर पाहिलं. त्या चित्राखाली उभा राहून त्याने कित्येक वर्षं दूध प्यायलं आहे. "एक कंदील दाखव," तो म्हणाला. "एकच. दसऱ्यापर्यंत. मी सही नाही करणार."

"एक," सुमती म्हणाली आणि कालथा घेऊन परत आत गेली. मग पोळी करपल्याचा वास आला. आमच्या घरात पोळी करपत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दर्शनाला फोन केला. दर्शना तिची जुनी विद्यार्थिनी, विठ्ठलवाडीला राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मी तिला कधीही काही शिकवलेलं नाही, तरी ती मला सर म्हणते. मी ते दुरुस्त करत नाही.

ती माळावर आली, टोपी मागे सारली आणि कमरेएवढ्या वाळक्या गवतात चक्क आडवी झाली. गवत दोन्ही हातांनी बाजूला करून बराच वेळ जमीन बघत राहिली.

"सर, कुंपण कधी घातलंत?"

"पाच-सहा वर्षं झाली."

"आणि फुलं कधीपासून कमी झाली?"

मी व्ह्यू बघू लागलो.

"ही सगळी बुटकी मंडळी आहेत, सर. ह्यांना ऊन लागतं, उघडी जमीन लागते. तुम्ही वर गवताचं छप्पर घातलंत. कंद खाली असतील अजून, मेले नसतील सगळे. पण त्यांच्या डोक्यावरून हे काढा."

"यंत्राने कापून घेऊ."

"यंत्र कापेल. पण कापलेलं तिथेच कुजलं तर माती आणखी जाड होईल. ते उचलून न्यायला हवं. आणि जमीन मधूनमधून तुडवलेली हवी, खड्डे-खळगे पडलेले हवेत, पाणी साचायला."

"म्हणजे कापणारं, तुडवणारं आणि कापलेलं घेऊन जाणारं असं एक यंत्र हवं."

"त्याला म्हैस म्हणतात, सर," दर्शना म्हणाली.

सुमती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं आठवी-ब सांभाळलेली नजर आहे ती.

मे महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वाळकं गवत कापून काढलं. एकूण वय चारशे बारा, सहा माणसं, दोन गुडघे बदललेले. कुंपणही मीच उपटलं, फाटक आणि फलक तेवढे राहिले, कारण ते मी सिमेंटमध्ये बसवले होते. पण पावसात गवत पुन्हा येणार होतं. म्हशीशिवाय पर्याय नव्हता.

आम्ही दोघं तुळसाबाईंकडे गेलो. साठीच्या असतील, कासोटा घातलेला, ओट्यावर बसून कोयती घासत होत्या. मागे गोठ्यात सहा काळे चेहरे रवंथ करत होते. आणि गोठ्याच्या भिंतीवर, खिळ्याला, माझं पत्र होतं. लॅमिनेट केलेलं.

"यो कागद तुमचाच ना?" त्या म्हणाल्या.

"माझाच."

"देवलाम्होरं वाचला आमचे पोरांनी. अख्खं गाव हसला. भटकी कोनाला बोललाव तुमी? माजी मास्तरीन सकाली नवाला निंगते, पाचाला घरान. तुमी हापिसान येवढे टायमाला जात होते का?"

सुमतीने उत्तर दिलं, "नाही जात."

"काकू, तुमी नका बोलू, तुमचा राग नाय," तुळसाबाई म्हणाल्या. "ह्यांचाय. गाईला वसुबारस हाय. बैलाला पोला हाय. म्हसीला काय? नोटीस!"

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पत्राला इतकं चोख उत्तर कोणी दिलं नव्हतं.

सुमती ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. केदारची अट सांगितली. वही उघडून आकडे दाखवले. तुळसाबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. त्यांनी अकरापासून शून्यापर्यंत बोट फिरवलं.

"कंदील ना? आमी हनुमान बटाटा बोलतो त्याला. ल्हानपनी उकरून खाल्लाय." त्यांनी वही सुमतीला परत दिली. "तिथं लगीन लावनार? कातल फोरून?"

"हो."

"मंग वरसभर डीजे वाजल. म्हसी दूध चोरतील." त्यांनी कोयती खाली ठेवली. "येतील म्हसी. पन मानानं. जशी नोटीस दिली तशी माफी द्या. रजिस्टर. मास्तरीनीच्या नावान. देवलाम्होरं वाचाची. आनि पाव्हन्याला बोलवतात तसा बोलवाचा."

माफीच्या मसुद्याला मला तीन दिवस लागले. सुमती लाल पेन्सिल घेऊन समोर बसली.

"'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' हे काय? कोण करतंय?"

"मी."

"मग 'मी माफी मागतो' लिही. आणि 'संबंधित जनावर' काढ. तिला नाव आहे."

पोस्टात खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "मास्तरीण? पूर्ण नाव?"

"एवढंच आहे. द्वारा तुळसाबाई."

"शिक्षिका आहेत का?"

"त्यांच्या क्षेत्रात आहेत," मी म्हणालो.

"पोचपावती हवी?"

"हवी." सवय जात नाही.

आषाढात एका रविवारी देवळासमोर मी ते पत्र उभ्याने वाचलं. गाव जमलं होतं. मास्तरीण पुढे बांधलेली होती. 'आपला वावर अनधिकृत नव्हता, माझं ज्ञान अपुरं होतं' इथपर्यंत आलो तेव्हा तिने शेपटी उचलली आणि आपलं मत तिथेच मांडलं. गावाने टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, त्या माझ्यासाठी नव्हत्या.

मग मिरवणूक. फाटकात सुमती ताट घेऊन उभी होती. हळदकुंकू, पुरणपोळी, गूळ, आणि तुळसाबाईंसाठी झेंडूचा हार. मास्तरणीने कुंकू लावून घेतलं, पोळी खाल्ली, मग तुळसाबाईंचा हारही खाल्ला. आत शिरताना ती माझ्या फलकापाशी थांबली. 'सक्त मनाई' च्या खांबाला तिने मान लावली आणि घासू लागली. शांतपणे, एका लयीत. चौथ्या-पाचव्या घासणीला सिमेंटसकट खांब कलंडला. आदेश मागे घेतल्याची याहून रीतसर कार्यवाही मी सरकारी नोकरीत पाहिलेली नाही.

पुढचा महिनाभर म्हशी रोज येत राहिल्या. नवाला हजर, पाचाला घरी. दर्शनाने त्यांना कधी बाहेर काढायचं याचा हिशेब करून आणला. पानं किती, उंची किती, पाऊस किती, असा मोठा तक्ता होता.

"नारली पुनवेच्या आधी चार दिस," तुळसाबाई तक्त्याकडे न बघता म्हणाल्या. "माजी सासू तवाच काडी. मंग फुलांचा टाईम."

दर्शनाचा तक्ता दोन दिवसांनी चुकत होता. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "सासूबाईंचं आणखी काय काय आठवतं, मावशी?" त्या दिवसापासून ती रविवारी विठ्ठलवाडीहून आधी गोठ्यावर जायची, मग माळावर.

म्हशी गेल्या आणि श्रावणात माळाकडे बघवेना. जागोजागी खुरांचे खड्डे, शेणाचे पो, चिखल. काल इथे निवडणुकीची सभा झाली असावी असं वाटत होतं. सुमती दर रविवारी वहीत तारीख लिहायची. पुढे शून्य. मी धीर द्यायला गेलो की म्हणायची, "तू नको बोलूस, आनंद. तुझा धीर पत्रासारखा असतो." रात्री जेवताना ती फ्रिजकडे पाठ करून बसू लागली.

भाद्रपद लागला आणि शेणाच्या कडेने गेंद आले. आधी पाच-पंचवीस, मग बादलीभर बटणं सांडल्यासारखे. खुरांच्या डबक्यांत सीतेची आसवं उतरली. दवबिंदू आलं. कवला आला. मी नाचायचा बाकी होतो.

"झालं की गं! दाखव केदारला."

"अट कंदिलाची आहे."

"तो समजून घेईल. आपलाच आहे."

"मी कुणाला वरचे मार्क देत नाही," सुमती म्हणाली. "आणि मलाही नको आहेत."

गणपती गेल्यावरच्या रविवारी केदार आणि विनीत मोजणीची टेप घेऊन आले. दर्शना, तुळसाबाई, आम्ही दोघं, सगळे सकाळपासून माळ पालथा घालत होतो. म्हणजे गुडघ्यांवर रांगत होतो. कंदील नव्हता. सुमतीने त्यांना येताना पाहिलं, उठली, हात पदराला पुसले. "मोजा," ती म्हणाली. "दसऱ्याला वेळ आहे अजून." आवाज शाळेतला होता, पण बाईंचा नव्हे, खालच्या वर्गातल्या मुलीचा.

विनीतने टेपचं एक टोक धरलं. दुसरं केदारला दिलं. "भाई, मागे जा. अजून. अजून थोडा. बस, स्टेज तिथे येईल."

केदार मागे मागे गेला, पडलेल्या फलकापर्यंत. खांब उपटला होता तिथे एक खड्डा होता आणि खड्ड्याच्या काठावर खुराचा खोल ठसा. केदारने पाय उचलला. आणि तो खाली ठेवलाच नाही.

"काय रे?" विनीत ओरडला. "टेप ढिली पडली."

केदार एका पायावर उभा होता. चाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस एका पायावर फार बरा दिसत नाही. तो खाली बघत होता.

"आई," तो म्हणाला. आवाज अगदी हळू. "इकडे ये. सावकाश. पाय बघून टाक."

सुमती गेली. कशी गेली ते मला सांगता येणार नाही. ती खाली बसली, भिंग डोळ्याला लावलं. दर्शना आणि मी होतो तिथेच गुडघ्यांवर थांबलो. तुळसाबाईंनी मात्र ऐटीत कमरेवर हात ठेवले होते.

"किती?" मी विचारलं.

"एक," सुमती म्हणाली. थोड्या वेळाने, "दोन." मग, "तीन. तिसरी कळी आहे. मोजू का गं दर्शना?"

"मोजा, मॅडम," दर्शना म्हणाली.

"आई, मी पाय कुठे ठेवू?" केदार.

"ठेवू नकोस."

"दुसऱ्या पायाखाली पण गेंद आहेत."

"दिसतंय मला. उभा राहा."

तो दहा मिनिटं तसाच होता. शेवटी तुळसाबाईंनी खड्ड्यातला माझा फलक उचलून त्याच्यापुढे कातळावर आडवा टाकला, आणि केदार 'सक्त मनाई' वर पाय देऊन बाहेर आला. तो फलक इतका उपयोगी पहिल्यांदाच पडला.

विनीतने कंदिलाचा फोटो काढला. "काकू, खरंच भारी आहे," तो म्हणाला. माणूस मनापासून बोलला. मग म्हणाला, "डेकोरेशनला मिळतील का हे?"

"विनीत," केदार म्हणाला, "टेप गुंडाळ."

"अरे, पण दसरा..."

"एक म्हटलं होतं मी. इथे तीन आहेत. तू चहा पिऊन जा."

चहा तुळसाबाईंकडे झाला. म्हशीच्या दुधाचा, चमचा उभा राहील असा. गोठ्याच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं पत्र नव्हतं, खिळा मोकळा होता. मी तिकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्या आत गेल्या आणि एक कार्ड घेऊन आल्या. पोस्टाचं. माझी पोचपावती. ती परत आली नाही म्हणून मी दोनदा पोस्टात तक्रार केली होती.

"पोस्टमन सही मागत होता," त्या म्हणाल्या. "मी बोलली, जिच्या नावाचा कागद तिची सही. आनि काम झाल्याबिगर सही कशाला करू? तुमी हापिसान करत होते का?"

कार्डावर, सहीच्या रकान्यात न मावता, पत्त्यावरून पार तिकिटापर्यंत, चिखलाचा एक दुहेरी खूर उमटलेला होता.

सुमतीने ते माझ्या हातून काढून घेतलं. घरी आल्यावर तिने वहीत त्या दिवसाची तारीख लिहिली, पुढे तीन लिहिलं, आणि शेजारी ते कार्ड चिकटवलं. पानातून चिखल पडतो, वही नीट मिटत नाही.

पुढच्या आषाढाचं आमंत्रण मी आत्तापासून लिहायला घेतलं आहे. केदारने सांगितलंय, सातबारा त्याच्या नावावर असल्यामुळे खाली सही त्याची हवी.